गाडी रात्री कुठं लागते ते आधी सांगा

(वाचकांचे प्रश्न, आमची उत्तरं)

या वेळी निम्म्याहून जास्त प्रश्न एकाच विषयावर आलेत, छोटी एसयूव्ही घ्यायचीय पण पेट्रोल घ्यावी, हायब्रिड घ्यावी का चार्जिंगची. सगळ्यांना स्वतंत्र उत्तर देणं शक्य नाही, म्हणून त्यातले वेगवेगळे प्रश्न निवडलेत.

प्रश्न : नमस्कार सर, मी जुळे सोलापुरात राहते, शाळेत शिक्षिका आहे. रोजचं जाणं-येणं धरून 15 किमी होतं आणि महिन्यातून एकदा मुलाकडं पुण्याला जातो. मिस्टर म्हणतात हायब्रिडच घ्यायची, दीर म्हणतात साधी पेट्रोल घ्या उगाच तीन लाख जास्त कशाला घालवताय, आणि शोरूममधला मुलगा 28 चं ॲव्हरेज सांगतोय. मला क्लच दाबून दाबून गुडघा दुखतो म्हणून ऑटोमॅटिकच पाहिजे. काय करू? — एक शिक्षिका, जुळे सोलापूर

उत्तर : मॅडम, तुमच्या शेवटून दुसऱ्या वाक्यातच अर्धं उत्तर आहे. दीर तीन लाखाचा फरक सांगतायत तो मॅन्युअल पेट्रोल आणि हायब्रिड यातला असणार. तुम्हाला मॅन्युअल घ्यायचीच नाहीये ना, मग तुलना पेट्रोल ऑटोमॅटिकशी करायची, कारण ही स्ट्राँग हायब्रिड (पेट्रोल इंजिन आणि विजेची मोटर, दोन्हीवर चालणारी) मुळातच ऑटोमॅटिक असते, तिला क्लच हा प्रकारच नाही. आणि व्हेरिएंट पण सारखं धरा, नाहीतर एकात सनरूफ आणि एकात साधा टेप असं होतं आणि सगळा फरक हायब्रिडच्या नावावर खपतो.

आता हिशोब. पेट्रोल 105 रुपये धरू. गावात एसी लावून पेट्रोल ऑटोमॅटिक 13 च्या आसपास देईल, म्हणजे किलोमीटरला आठ रुपये. हायब्रिड 21 धरा, म्हणजे पाच रुपये. (28 चा आकडा कंपनी खोटा सांगत नाही, मारुतीची ग्रँड व्हिटारा आणि टोयोटाची हायरायडर यांच्या हायब्रिडचं एआरएआयचं (गाड्या तपासणारी संस्था) प्रमाणित मायलेज लिटरला 27.9 च्या घरात आहेच, पण ती चाचणी लॅबमध्ये रोलरवर होते, सोलापूरच्या सात रस्ता चौकात मे महिन्यात दुपारी दोन वाजता होत नाही.) किलोमीटरमागं तीन रुपये वाचले. तुमचं शाळा, पुणे आणि अधनंमधनं अक्कलकोट-पंढरपूर धरून वर्षाला 12 हजार किमी होईल, म्हणजे वर्षाला 36 हजार. दोन्ही ऑटोमॅटिकच्या ऑन-रोड किमतीत दीड-दोन लाखाचा फरक असला तर चार ते साडेपाच वर्षांत वसूल. गाडी आठ वर्षं ठेवणार असाल तर मिस्टरांचं बरोबर आहे.

हेच मॅन्युअलशी ताडून बघा. मॅन्युअल 16 देते, फरक तीन लाख, वाचतात किलोमीटरला दीड रुपया. मग वसुलीला दोन लाख किलोमीटर लागतात, म्हणजे तुमच्या वापरानं सोळा-सतरा वर्षं. तेव्हा दीर पण चुकीचं सांगत नाहीयेत, ते फक्त दुसऱ्याच गाडीचं सांगतायत.

एक मात्र लक्षात घ्या, तुमच्या वर्षभराच्या रनिंगमधलं निम्मं पुण्याच्या हायवेवर जाणार आहे आणि हायब्रिडची खरी कमाई गावात असते. सिग्नलला, ट्रॅफिकमध्ये, आसरा चौकात गाडी सरकत सरकत चाललीय तेव्हा इंजिन बंद आणि मोटर चालू, ब्रेक दाबला की तीच मोटर उलटी वीज बनवते. मोहोळच्या पुढं शंभरच्या स्पीडनं सरळ चाललात की ब्रेकच लागत नाही, मग परत काय मिळणार. तिथं इंजिनच ओढतं आणि फरक कमी होतो. म्हणून वरचा तीन रुपयांचा आकडा जरा सैल धरा.

आणि तुम्ही एक गोष्ट लिहिलीच नाही, घर स्वतःचं का फ्लॅट? गाडी कंपाउंडच्या आत लागत असेल तर मी हायब्रिडच्या आधी पूर्ण इलेक्ट्रिक बघायला सांगेन. रोजचे 15 किमी म्हणजे जेमतेम सव्वादोन युनिट वीज. युनिट सगळं धरून 12 रुपयाला पडलं तरी किलोमीटरला पावणेदोन रुपये होतात. छतावर तीन किलोवॉटचं सोलर असेल (पीएम सूर्यघर योजनेत त्याला 78 हजार अनुदान आहे) तर ते दिवसाला बारा-एक युनिट बनवतं, त्यात घर भागून गाडी पण भागते, सोलापुरात उन्हाची तर काही कमी नाही. शिवाय 22 सप्टेंबर 2025 पासून जीएसटीचं असं झालंय की चार मीटरपेक्षा लांब पेट्रोल गाडीला 40 टक्के, हायब्रिडलाही 40 टक्के आणि इलेक्ट्रिकला 5 टक्के. हायब्रिड पर्यावरणाला बरी म्हणून तिला सवलत असेल असं लोकांना वाटतं, तशी काही नाहीये.

इलेक्ट्रिकमध्ये पुणे कसं जमणार? ह्युंदाई क्रेटा इलेक्ट्रिकची छोटी बॅटरी 42 युनिटची आहे, गाडी आली तेव्हा कंपनीचा दावा 390 किमी होता. हायवेला एसीसकट दाव्याचे दोन तृतीयांश धरायचं, म्हणजे 260. सोलापूर-पुणे अडीचशे. कागदावर पोचते, पण काटा शून्याला टेकवत कुणी जात नाही, तेव्हा भिगवण-इंदापूरच्या पट्ट्यात एक थांबा धराच. नाहीतरी मासे खायला थांबताच. फक्त ॲपवर चार्जर चालू आहे का ते निघण्याआधी बघायचं आणि जवळचा दुसरा पण हेरून ठेवायचा, कारण चार्जरला एकच गन (गाडीला लावायचा प्लग) आणि पुढं दोन गाड्या असं झालं की सुट्टीचा दिवस तिथंच जातो. फ्लॅट असेल, पार्किंग रस्त्यावर असेल, तर इलेक्ट्रिकचं हे सगळं विसरा आणि हायब्रिड घ्या.

प्रश्न : हायब्रिड गाडी रोज रात्री चार्जिंगला लावायची का? आमच्या शेजारच्यांनी घेतलीय पण त्यांच्याकडं वायर कुठंच दिसत नाही. — एक वाचक, अशोक चौक

उत्तर : वायर नाही कारण प्लग लावायची जागाच नाही. ग्रँड व्हिटारा-हायरायडरच्या हायब्रिडची अख्खी बॅटरी 0.76 युनिटची असते, पाऊण युनिट. एवढी वीज ती स्वतःच ब्रेकमधून आणि इंजिनमधून भरते. बॅटरीवर सलग फार तर दोन-तीन किलोमीटर जाईल, तिचं काम लांब जाणं नाहीच, घे-दे करणं आहे. पण शेजाऱ्यांची स्ट्राँग हायब्रिड आहे का माइल्ड ते बघा. त्याच मॉडेलमध्ये स्वस्तातली पण एक ‘स्मार्ट हायब्रिड’ मिळते, ती सिग्नलला बंद पडून परत चालू होते आणि उठताना इंजिनला थोडा हात देते, पण नुसत्या विजेवर एक फूट पण हलत नाही. शोरूममध्ये एकच प्रश्न विचारायचा, ‘इंजिन बंद ठेवून गाडी पुढं जाते का?’ जात असेल तरच जास्तीचे पैसे.

प्रश्न : आमचा होटगी रोडला टॉवेलचा कारखाना आहे, पार्टीकडं हैदराबाद, पुणे, मुंबई असं सारखं फिरणं असतं, वर्षाला 35 हजार किमी तरी होतातच. आत्ता डिझेल आहे. मुलगा म्हणतो पप्पा आता हायब्रिड घ्या, डिझेल संपलं. खरंय का ओ? — एक कारखानदार

उत्तर : डिझेल एवढ्यात संपत नाही, निदान तुमच्यापुरतं तरी. तुमचं नव्वद टक्के रनिंग हायवेचं आहे. दीड लिटरचं डिझेल हायवेला 18-19 सहज देतं आणि लिटरमागं पेट्रोलपेक्षा स्वस्त. हायब्रिड त्याच रस्त्यावर शंभर-एकशेदहानं पळवलीत तर 19-20. हिशोब जवळजवळ बरोबरीत सुटतो. वर पाच माणसं आणि डिकीत सॅम्पलची गठडी घालून ओव्हरटेक करायचा म्हटलं की डिझेल खालून ओढतं, हायब्रिडचं तीन सिलिंडरचं इंजिन मात्र ओरडायला लागतं आणि गाडी त्या मानानं उठत नाही. इंजिन-मोटर मिळून ताकद 116 पीएस आहे, कमी नाही, पण सवय वेगळी लागते. आणि डिकी! हायब्रिडमध्ये बॅटरी मागं बसते, त्यामुळं त्याच मॉडेलच्या पेट्रोलपेक्षा जागा बरीच कमी असते. टॉवेलचं एक गठडं घेऊन जा शोरूमला, घालून बघा, लाजायचं काय त्यात.

मुलाचं म्हणणं कुठं बरोबर ठरेल? गाडी मुलगाच गावात वापरणार असेल तर. नवीन बीएस6 (प्रदूषणाच्या कडक नियमातल्या) डिझेलच्या सायलेन्सरमध्ये काजळी धरणारा फिल्टर असतो, तो जाळून साफ व्हायला गाडी अधनंमधनं जोरात आणि सलग पळवावी लागते. घर ते कारखाना, कारखाना ते नवी पेठ एवढंच चाललं की दिवा लागतो आणि वर्कशॉपच्या चकरा सुरू. तुमच्याकडं तो त्रास नाही.

घाटाचं एक सांगून ठेवतो, तुळजापूरला जाणं होत असेल तर. हायब्रिडनं घाट उतरताना बॅटरी लगेच फुल होते, पाऊणच युनिट ती, आणि मग मोटरचा ब्रेक लागायचा कमी होतो. नवखा माणूस घाबरून पायातला ब्रेक दाबून धरतो. गियरचा दांडा ‘B’ अक्षरावर टाकायचा, इंजिन स्वतः धरून ठेवतं.

प्रश्न : माझी लेक-जावई शिकागोजवळ असतात. त्यांना टोयोटाची रॅव्ह-4 घ्यायचीय, साधी पेट्रोल, हायब्रिड आणि प्लग-इन अशा तीन आहेत म्हणे. रोजचं 40 किमी, घर स्वतःचं, गॅरेज आहे. जावईबापूंनी मला विचारलं, मी तुम्हाला विचारते. आपल्याकडं प्लग-इन का मिळत नाही? — एक आई, विजापूर रोड

उत्तर : जावयानं सासूला गाडीचं विचारलं हेच मला फार आवडलं.

आधी एक सोपं होऊन गेलंय : 2026 च्या मॉडेलपासून रॅव्ह-4 नुसत्या पेट्रोलवर येणं कंपनीनं बंद केलं, आता हायब्रिड नाहीतर प्लग-इन. जुन्या 2025 च्या मॉडेलवर डील मिळत असेल तरच पेट्रोलचा प्रश्न, आणि तिथंही मी हायब्रिडच घ्या म्हणेन. तिथल्या सरकारी चाचणीत पेट्रोलला गॅलनला 30 मैल आहेत आणि हायब्रिडला 39, आपल्या भाषेत लिटरला पावणेतेरा आणि साडेसोळा.

प्लग-इन म्हणजे हायब्रिडच, पण बॅटरी मोठी आणि भिंतीच्या प्लगवर भरायची सोय. त्या 2025 च्या गाडीत 18.1 युनिटची बॅटरी आहे, नुसत्या विजेवर 42 मैल, म्हणजे 67-68 किमी. तुमच्या लेकीचे 40 किमी त्यात आरामात बसतात, आठवडाभर पेट्रोल लागायचंच नाही. तिथल्या साध्या 120 व्होल्टच्या प्लगवर रात्रभरात, बारा तासांत भरते, वेगळा चार्जर बसवायची पण गरज नाही. शिकागोच्या थंडीत मात्र रेंज चांगलीच घटते, आणि कडाक्याच्या थंडीत हीटर लावला की इंजिन मधेच चालू होऊ शकतं, त्याला बिघाड समजू नका म्हणावं.

मेख इथं आहे. बॅटरी संपल्यावर हीच प्लग-इन 38 मैल देते, साध्या हायब्रिडपेक्षा एक मैल कमी, कारण ती जड बॅटरी वाहून न्यावी लागते. म्हणजे रोज रात्री प्लग लावायचा आळस केला तर जास्तीचे पैसे देऊन कमी ॲव्हरेजची गाडी घेतल्यासारखं. किंमतही हायब्रिडपेक्षा बरीच वर जाते आणि तिथल्या केंद्र सरकारची 7,500 डॉलरपर्यंतची करसवलत 30 सप्टेंबर 2025 नंतर घेतलेल्या गाड्यांना उरलेली नाही. लेक शिस्तीची असेल, रोज लावणारी असेल, आणि दहा वर्षं गाडी ठेवणार असेल तर प्लग-इन. नाहीतर हायब्रिड, डोळे झाकून. शिस्तीचं तुम्हालाच माहिती, तुम्ही वाढवलंय.

आपल्याकडं प्लग-इन आहेत, पण बीएमडब्ल्यू एक्सएम, रेंज रोव्हर असल्या, कोटीच्या वरच्या. मधल्या बजेटमध्ये कंपन्यांनी हात घातलेला नाही आणि कारण सरळ दिसतं. इंजिन पण द्या, मोठी बॅटरी पण द्या, म्हणजे खर्च दोन्हीकडचा, आणि पूर्ण इलेक्ट्रिकला पाचच टक्के जीएसटी असताना तेवढ्या पैशात लोक इलेक्ट्रिकच घेणार.

प्रश्न : सीएनजीचा विचार करावा का? — एमआयडीसी, अक्कलकोट रोड

उत्तर : रोज पन्नास-साठ किमी होत असेल आणि पंप जाण्या-येण्याच्या वाटेवर असेल तर करा. ग्रँड व्हिटाराची सीएनजी किलोला 26.6 किमी सांगतात, खर्चात हायब्रिडच्या पण खाली जाते. पण टाकीनं डिकी जाते आणि रांगेतला वेळ कुठल्याच हिशोबात कुणी धरत नाही. कंपनी फिटेडच घ्या.

प्रश्न : सोलापूरच्या 43-44 डिग्रीत हायब्रिडची बॅटरी टिकेल का? बदलायला लाखात जातात म्हणे. — एक वाचक, बाळे

उत्तर : वॉरंटी आठ वर्षं किंवा 1 लाख 60 हजार किमी असते, बॅटरीची वेगळी, ती कागदावर लिहून आलीय का बघून घ्या. उष्णता ही बॅटरीची वैरीण हे खरंच आहे, पण या छोट्या बॅटरीला पंख्यानं हवा मारलेली असते आणि बऱ्याच गाड्यांत ती हवा केबिनमधूनच, मागच्या सीटच्या आसपास असलेल्या एका जाळीतून ओढली जाते. म्हणजे तुम्ही एसी लावला की बॅटरीला पण एसी मिळतो. आता आपल्याकडं काय होतं, नवीन सीट खराब होऊ नये म्हणून मागं मस्त सोलापुरी चादर अंथरायची, ती खालपर्यंत सोडायची, आणि जाळी पार बंद. वरनं आपली धूळ आणि चादरीचा धागा जाळीत अडकतो. पंखा ओरडायला लागतो, मग डॅशबोर्डवर मेसेज येतो आणि माणूस म्हणतो बॅटरी गेली. डिलिव्हरी घेताना जाळी नेमकी कुठाय ते हात लावून दाखवायला सांगा, चादर घालायचीच असेल तर त्या बाजूनं दुमडून घाला आणि प्रत्येक सर्व्हिसिंगला जाळी साफ केली का ते जॉबकार्डवर लिहून घ्या.