रडलं तर कॅन्सर परत येतो का?

काकूंनी खुर्चीत टेकायच्या आधीच सांगून टाकलं, “मॅडम, ह्यांना जरा समजवा. रात्री उठून रडत बसतात. अशानं परत आलं म्हणजे?”

काय परत येणार, हे त्या बोलल्या नाहीत. त्या घरात तो शब्द कुणी उच्चारत नव्हतं. काका शेजारी मान खाली घालून बसले होते. वय 54, कळवा ते ठाणे स्टेशन शेअर रिक्षा चालवण्यात उमर गेलेली. (ओळख पटू नये म्हणून काही तपशील बदलले आहेत.) गालाच्या आतल्या बाजूचा कॅन्सर, ऑपरेशन, मग रेडिएशन. उपचार संपून 7 महिने झाले होते. ‘आता काही दिसत नाही’ असं डॉक्टरांनी सांगितलं तेव्हा चाळीत पेढे वाटले आणि त्या दिवसापासून घराचा एकच नियम झाला: वाईट बोलायचं नाही, वाईट विचार करायचा नाही. दीर रोज सकाळी फोनवर ‘मन खंबीर ठेव’ पाठवायचे. काकांच्या डोळ्यांत पाणी आलं की काकू टीव्हीचा आवाज वाढवायच्या.

टेन्शन घेतलं, रडलं, घाबरलं की कॅन्सर उलटतो का, हा प्रश्न माझ्या ठाण्यातल्या समुपदेशनाच्या खोलीत फार वेळा येतो. बहुतेकदा पेशंट विचारत नाही, घरचे विचारतात. आणि पेशंट तो ऐकून स्वतःच्या भीतीलाच घाबरायला लागतो.

मनाच्या अवस्थेवर कॅन्सरमधलं आयुष्य ठरतं, या समजुतीला एकेकाळी संशोधनाचाही आधार मिळाला होता. 1989 मध्ये डेव्हिड स्पीगल या अमेरिकन मानसोपचारतज्ज्ञाने 86 स्त्रियांचा अभ्यास प्रसिद्ध केला. स्तनाचा कॅन्सर शरीरात पसरलेल्या या स्त्रियांपैकी ज्या आधारगटात बसून मन मोकळं करत होत्या, त्या जास्त जगल्या असं त्यात दिसलं. जगभर आशा निर्माण झाली. मग त्यांनीच तो प्रयोग 125 स्त्रियांवर पुन्हा केला. 2007 मध्ये निकाल आला: एकूण पाहता आयुष्य वाढलेलं दिसलं नाही. त्याच वर्षी डोकं-मान भागाच्या कॅन्सरच्या 1,093 पेशंटचा अभ्यास आला. मनाची अवस्था कशी आहे आणि माणूस किती जगतो, यांचा त्यात संबंध आढळला नाही. काकांचा आजार याच भागातला, म्हणून हा आकडा मी त्यांना कागदावर लिहून दिला. काकांनी तो घडी करून खिशात ठेवला.

“म्हणजे रडलो तरी चालेल?” त्यांचा आवाज रेडिएशननंतर जड झाला आहे, शब्द गालात अडकतात.

“चालेल काका.”

ते रडले. पाच-सात मिनिटं. काकूंचा हात पदराकडे गेला, मग तिथेच थांबला.

पुढच्या वेळी काका गळ्यावरच्या व्रणाबद्दल बोलले. गाठ गालात होती, मग मान का कापली? खांदा वर जात नाही, रिक्षा सुरू करायचा हाताचा दांडा ओढता येत नाही. राग होता, तो कुणाला सांगितलेला नव्हता. याचं उत्तर आपल्या परळचंच आहे. तोंडाचा कॅन्सर सुरुवातीच्या टप्प्यात असताना मानेतल्या लसिकाग्रंथी (कॅन्सर आधी जिथे पसरतो त्या छोट्या गाठी) पहिल्या ऑपरेशनमध्येच काढाव्यात की पुढे त्यांत आजार दिसला तर काढाव्यात, यावर टाटा मेमोरियलच्या डॉक्टरांनी मोठा अभ्यास केला आणि 2015 मध्ये तो प्रसिद्ध झाला. पहिल्या 500 पेशंटच्या हिशेबात, लगेच काढलेल्यांपैकी 3 वर्षांनी 80 टक्के हयात होते, वाट पाहिलेल्यांपैकी 67.5 टक्के. मी काकांना म्हटलं, आयुष्य वाढवणारी गोष्ट ही असते. ती तुमच्या मानेवर झालीय. तुमच्या रात्रीच्या रडण्यानं ती पुसली जात नाही.

तिसऱ्या भेटीत काका एकटे आले. बराच वेळ गप्प. मग शर्टाच्या आतल्या खिशातून पुडी काढून टेबलावर ठेवली. तंबाखू. 2 महिने चालू होती, दिवसातून एक-दोन चिमटी, रिक्षा स्टँडमागे. “घरात रडता येत नाही मॅडम. मग काय करू?”

मला आजही ती पुडी आठवली की पोटात कालवतं. ज्या भीतीनं काही बिघडत नव्हतं, ती दाबून टाकायला त्यांनी नेमकी तीच वस्तू तोंडात धरली होती, जिने पुन्हा कॅन्सर होण्याचा धोका खरोखर वाढतो. मी ओरडले नाही. तिथूनच तंबाखू सोडायला मदत करणाऱ्या 1800-11-2356 या सरकारी मोफत नंबरवर फोन लावून दिला. कॅन्सरच्या डॉक्टरांना त्यांनी स्वतः सांगायचं, हेही ठरलं. काकूंना सांगायला आणखी एक भेट लागली.

काकूंना मी दोनच गोष्टी सांगितल्या. रात्रीच्या मालिका संपल्या की 15 मिनिटं टीव्ही बंद. त्या वेळात काकांनी जे वाटेल ते बोलायचं, काकूंनी धीर द्यायचा नाही, नुसतं ऐकायचं. दुसरी गोष्ट, लक्ष ठेवायचं ते डोळ्यांतल्या पाण्यावर नाही. तोंडातली जखम 2-3 आठवड्यांत भरत नसेल, मानेत नवी गाठ लागली, गिळताना दुखू लागलं, रक्त आलं, तर तपासणीच्या तारखेची वाट न पाहता जायचं. पहिल्या 2 वर्षांत आजार उलटण्याची शक्यता जास्त असते, म्हणून एकही तारीख चुकवायची नाही. आणि उदासी दिवसेंदिवस हटेना, झोप-जेवण सुटलं, तर मानसोपचारतज्ज्ञाकडे जायचं. कॅन्सर थांबवण्यासाठी नाही. माणूस सुखानं दोन घास खावा म्हणून.

काकांचं तोंड नीट उघडत नव्हतं. व्यायाम म्हणून आइस्क्रीमच्या काड्या एकावर एक रचून दातांत धरायच्या असतात. सुरुवातीला 11 बसायच्या. उदास असताना महिनाभर त्यांनी काड्यांना हातच लावला नव्हता. आता रात्रीच्या त्या 15 मिनिटांत काकू काड्या मोजून देतात. म्हणजे पहिली काही मिनिटं काका बोलतात, उरलेल्या वेळात तोंडात काड्या.

गेल्या आठवड्यात तपासणीच्या आदल्या दिवशी काकूंचा फोन आला. “मॅडम, हे घाबरलेत,” त्या म्हणाल्या. मग जरा थांबून, “मी पण. दोघं बसून रडलो आत्ता. काड्या 15 झाल्या.”