वाचक विचारतात : केबल नव्हे, जॉइंट सरकला

प्रश्न : मायामीतल्या फ्लोरिडा इंटरनॅशनल युनिव्हर्सिटीचा पादचारी पूल २०१८मध्ये बसवल्यावर पाच दिवसांतच पडला. केबल तुटली होती का? – स्थापत्य शाखेचा विद्यार्थी

केबल नव्हत्याच. चित्रात दिसणारा उंच खांब आणि तिरके पाइप मुख्यतः शोभेचे, तेही अजून बसायचे होते. पूल म्हणजे काँक्रीटचा ट्रस, म्हणजे दांडे जोडून केलेला सांगाडा : खाली डेक (चालायचा तळ), वर छत, मधोमध तिरक्या मेंबरांची (दांड्यांची) एकच रांग. एक जॉइंट गेला तर भार घ्यायला दुसरं कोणी नाही. ५३ मीटरचा हा गाळा रस्त्याकडेला ओतला आणि १० मार्चला चाकांच्या वाहकांवरून आणून खांबांवर ठेवला.

घोळ उत्तर टोकाला होता, ११ नंबरचा तिरका आणि १२ नंबरचा उभा मेंबर डेकला मिळतात तिथे. तिरक्यातला दाब जॉइंटला डेकवरून बाहेर ढकलतो. त्याला धरतात डेक आणि मेंबर या दोन्हींच्या काँक्रीटमधून जाणाऱ्या सळ्या, पृष्ठभागाचा खडबडीतपणा आणि वरून येणारा दाब. डिझायनरने ढकलणारं बळ कमी धरलं, धरणारं जास्त. शिवाय तिथेच पाइपांसाठी पोकळ्या सोडलेल्या. जुन्या काँक्रीटला नीट टाचे मारले (ठोकून खडबडीत केलं) नव्हते, हेही खरं. पण मारले असते तरी जॉइंट अपुराच होता, असं अमेरिकेच्या राष्ट्रीय वाहतूक सुरक्षा मंडळाने २०१९मध्ये म्हटलं. त्रयस्थ तपासनिसानेही हा जॉइंट तपासला नव्हता.

प्रश्न : मग पूल पडला तेव्हा ११ नंबरच्या मेंबरमधले पोलादी रॉड पुन्हा का ताणत होते?

वाहून नेताना आधार टोकापासून आत होते. टोक अधांतरी, म्हणून ११ नंबरमध्ये ताण येणार. तो मारायला आतले दोन रॉड ताणलेले. खांबांवर बसल्यावर पुलाच्या वजनानेच तो मेंबर दाबला जातो, म्हणून रॉड सैल केले. भेगा वाढल्या. तेव्हा ‘आधीच्या स्थितीत नेऊ’ म्हणून १५ मार्चला जॅक लावून रॉड पुन्हा ताणले. ऐकायला पटतं, पण आधार बदलल्यावर आधीची स्थिती उरतेच कुठे? रॉडच्या दाबाने जॉइंट आणखी बाहेर रेटला गेला. खाली सिग्नलला गाड्या थांबलेल्या. सहा जण गेले.

प्रश्न : आमच्या कॉलेजच्या पुलावर भेग दिसते. घाबरावं का?

आधी जागा पाहा. स्लॅबवरची केसासारखी भेग बहुधा आकुंचनाची. आयएस ४५६ हे काँक्रीटचं भारतीय मानक साधारण परिस्थितीत ०.३ मिमीपर्यंत चालवून घेतं. मायामीतल्या भेगा मान्य मर्यादेच्या ४० पट होत्या. भेगेच्या टोकाला पेन्सिलने खूण आणि तारीख टाका, रुंदी भेगमापक कार्डाने मोजा, भेगेवर काचेची पट्टी चिकटवा. पट्टी तडकली की भेग जिवंत आहे, म्हणजे अजून हलते आहे. भेग आधाराजवळ तिरकी असेल किंवा जॉइंटमध्ये असेल, तर मोजत बसू नका : पूल आणि खालचा रस्ता बंद करा, टेकू द्या, मग संरचना अभियंत्याला बोलवा. आधी गिलावा करून भेग झाकली, तर त्याला पाहायला काही उरत नाही.