‘मणक्यात गॅप आहे, म्हणजे आता वाकायचंच नाही का?’

नाशिक जिल्ह्यातल्या कांदापट्ट्यातली बेचाळीस वर्षांची शेतमजूर बाई. (ओळख कळू नये म्हणून तपशील बदलले आहेत.) सात महिन्यांपासून कंबर दुखते. आरोग्य उपकेंद्रात आली ती पिशवीत एमआरआयची फिल्म आणि साडीवरून करकचून पट्टा बांधून. पहिलं वाक्य हेच: “ताई, मणक्यात गॅप आहे म्हणे. वाकले तर नस दबून पाय जातील ना?”

तिने कामावर जाणं बंद केलं होतं. धुणं जावेकडे, पाणी मुलीकडे. दर पंधरा दिवसांनी एक इंजेक्शन. त्याचा उतारा दोन दिवस टिकायचा.

गॅपबद्दल बोलण्याआधी धोक्याच्या खुणा विचारायच्या असतात, आणि त्या लाजेपोटी गाळायच्या नसतात. लघवी अडते का, किंवा नकळत होते का? बसायच्या जागी, मांड्यांच्या मधे बधिरपणा आहे का? दोन्ही पायांतली ताकद कमी होतेय का? यातलं काही असेल तर त्याच दिवशी मोठं रुग्णालय. ताप, वजन उतरणं, रात्री पडूनही न थांबणारी कळ, पूर्वी कॅन्सर किंवा टीबी, पडल्याचा मार, हे असलं तरी आधी डॉक्टर. मणक्याचा टीबी आपल्याकडे विसरून चालत नाही. तिला यातलं काहीच नव्हतं. डॉक्टरांची तपासणीही तेच सांगत होती.

मग गॅप. रिपोर्टमध्ये ‘गॅप’ हा शब्दच नव्हता. दोन मणक्यांमधली चकती थोडी झिजलेली आणि फुगलेली, एवढंच होतं. कंबर अजिबात न दुखणाऱ्या चाळिशीतल्या लोकांचे एमआरआय पाहिले तर सुमारे ६८ टक्के जणांत झीज आणि ५० टक्के जणांत फुगवटा दिसतो. केस पिकतात तशी चकती झिजते. ‘गॅप’ ऐकला की माणसाला मणका सुटा झाल्यासारखं वाटतं, आणि तो लाकडासारखा ताठ वावरू लागतो. स्नायू आवळून धरले की थकतात, थकले की दुखतात, दुखलं की गॅप वाढल्याची भीती. तिचं दुखणं खरंच होतं, पण ते टिकवून धरण्यात या शब्दाचा हात मोठा होता.

पट्ट्याचंही तेच. जुन्या कंबरदुखीत पट्टा आणि वजन लावून ओढणं हे नेहमीचे उपचार म्हणून देऊ नयेत, असं जागतिक आरोग्य संघटनेने २०२३ मध्ये सांगितलं आहे. तिचा पट्टा एकदम काढला नाही. दर दोन दिवसांनी एक तास कमी.

चालणं पाच मिनिटं, दिवसातून तीनदा. दर तीन दिवसांनी दोन-दोन मिनिटं वाढवायची. खाटेवरून हात न टेकता उठणं-बसणं, पाच वेळा. उताणं झोपून गुडघे दुमडायचे, कंबर उचलून पाच सेकंद धरायची, पाच वेळा. दुखण्याला दहापैकी गुण द्यायचे. चारपर्यंत गेलं आणि दुसऱ्या सकाळी पूर्वीइतकंच असलं, तर चालू ठेवायचं. सकाळी वाढलेलं असेल तर एक पायरी खाली, पण बंद नाही.

घोळ झाला तो नवव्या दिवशी. बरं वाटलं म्हणून तिने अख्खं घर सारवलं आणि तीन दिवस खाट धरली. हे बहुतेकांचं होतं: चांगल्या दिवशी सगळं उरकायचं, वाईट दिवशी पडून राहायचं. म्हणून काम दुखण्यावर नाही, घड्याळावर थांबवायचं. वीस मिनिटं झाली की उठायचं, दुखत नसलं तरी.

सगळ्यात अवघड गाठ शेतात होती. कांदा लागवड टोळीने उक्ती घेतात, मजुरी वाटून. हळू हात कुणाला परवडत नाही. आशाताईंनी मुकादमाशी बोलून ठरवलं: पहिले दोन आठवडे तिने रोपांच्या जुड्या वाफ्यावर पोचवायच्या, एका खेपेला पाच किलोच्या आत, मग अर्धा दिवस लागवड, उकिडवं आणि वाकून आलटून-पालटून. घरी सासूबाई ‘वाकू नको गं’ म्हणत, दुकानदार नवा पट्टा दाखवी. त्यामुळे एक बैठक घरच्यांसोबतच घ्यावी लागली. उपकेंद्र, आशाताई आणि घर यांनी एकच गोष्ट सांगितली नाही, तर व्यायामाचा कागद फळीवरच राहतो.

सहाव्या आठवड्यात दुखणं सातवरून चारवर होतं. गेलं नव्हतं. इंजेक्शन मात्र बंद, आणि अर्ध्या दिवसाची मजुरी सुरू. आठव्या आठवड्यात खताची गोणी सरकवताना उसण भरली. तेव्हा ठरल्याप्रमाणे दोन दिवस हलकं काम, शेक, चालणं निम्म्यावर, आणि तिसऱ्या दिवसापासून एक पायरी खालून पुन्हा सुरुवात. या वेळी तिने एमआरआयचं नाव काढलं नाही. गोणी दोघींनी कशी धरायची, तेवढं विचारलं.