कथा चॅनेलवर परस्पर वाचली जातेय: आधी पुरावा, मग तक्रार

ताई, तुमच्या लिहिण्यावरून मला कळलेला मामला असा. दिवाळी अंकात आलेली आणि नंतर तुम्ही स्वतःच्या साइटवर टाकलेली कथा एका यूट्यूब चॅनेलने अख्खी वाचून टाकली. शीर्षक बदललं, नायिका सुमनची स्नेहा झाली, तुमचं नाव कुठेच नाही. तुम्ही खाली कमेंट केलीत, ती उडवून तुम्हालाच ब्लॉक केलं. शिवाय तीच कथा व्हॉट्सअ‍ॅपवर 'लेखक अज्ञात' म्हणून फिरतेय. या चर्चेत वर काहींनी 'सरळ पोलिसांत जा', 'फेसबुकवर त्यांची लक्तरं काढा' असं सुचवलंय. यातलं काहीही आज करू नका. बोभाटा झाला की असे लोक सगळ्यात आधी व्हिडिओ डिलीट करतात आणि महिन्याभराने दुसऱ्या नावाने परत चढवतात. तुमच्या हातात मग काहीच उरत नाही.

आज फक्त पुरावा गोळा करा. व्हिडिओचं पान उघडून लिंक, चॅनेलचं नाव, अपलोडची तारीख आणि व्ह्यूज एकाच चित्रात दिसतील असा स्क्रीनशॉट घ्या. कॉम्प्युटरवरून घ्या, मोबाइलच्या अ‍ॅपमध्ये लिंक दिसत नाही. तुमच्या साइटवरचं कथेचं पान आणि त्यांच्या व्हिडिओचं पान, दोन्ही वेबॅक मशीनवर (वेबपानांच्या प्रती साठवून ठेवणारी साइट) जतन करा. तिथे तारीख-वेळेची नोंद आपोआप राहते. ही साइट व्हिडिओच्या पानाची नोंद ठेवेल, आवाजाची नाही, म्हणून वाचनाचं स्क्रीन रेकॉर्डिंग वेगळं करा. तुम्ही म्हणताय की शेवटाकडे वाचणारा एकदा चुकून 'सुमन' म्हणून गेलाय. ताई, हे सोनं आहे. नाव बदलणाऱ्याकडून एखादं निसटतंच, आणि निसटलेलं ते नाव 'आम्हाला स्वतंत्रपणे सुचली' हा बचाव तिथल्या तिथे संपवतं. तो नेमका मिनिट-सेकंद लिहून ठेवा, शेजारी तुमच्या कथेतलं वाक्य.

जुने मसुदे, संपादकांना कथा पाठवल्याची ईमेल, छापील अंकाचं मुखपृष्ठ आणि अनुक्रमणिका एका फोल्डरमध्ये टाका. मूळ फायली उघडून 'जरा नीट' करायला जाऊ नका. प्रकरण कोर्टात गेलंच तर डिजिटल पुराव्यासोबत भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम 63 खालचं प्रमाणपत्र लागतं आणि त्यात फाइलची हॅश व्हॅल्यू (मजकुरावरून निघणारा फाइलचा डिजिटल ठसा) द्यावी लागते. फाइलमध्ये स्वल्पविराम जरी बदलला तरी ती बदलते.

आता हक्काचं. 'रजिस्ट्रेशन नाही म्हणजे कॉपीराइट नाही' हे कुणीतरी वर छातीठोकपणे लिहिलंय, ते चूक आहे. 1957 च्या कॉपीराइट कायद्यात कथा लिहून झाली की हक्क लेखकाचा. नोंदणी ऐच्छिक आहे. साहित्यकृतीला 500 रुपये फी, ऑनलाइन अर्ज, आणि हरकतींसाठी 30 दिवसांची वाट. भांडणात प्रथमदर्शनी पुरावा म्हणून ती उपयोगी पडते, पण तक्रारीसाठी तिची गरज नाही. दिवाळी अंकाने मानधन दिलं म्हणून कथा त्यांची होत नाही. हक्क दुसऱ्याला द्यायचा तर तो लेखी करारानेच देता येतो, आणि करारात मुदत लिहिलेली नसेल तर ती 5 वर्षं धरली जाते. एखादा कागद सही करून दिला होता का, तेवढं मात्र आठवून बघा.

कथेचं ध्वनिमुद्रण करणं आणि ती लोकांपर्यंत पोचवणं हेही तुमचेच हक्क आहेत (कलम 14). परीक्षणात उतारा देणं किंवा जाहीर कार्यक्रमात वाजवी उतारा वाचणं कायद्याला चालतं, सबंध कथा नाही. 'साभार' लिहिलं की सगळं माफ, हा आपल्याकडचा लाडका गैरसमज. आभार मानणं म्हणजे परवानगी घेणं नव्हे. इथे तर तेवढंही सौजन्य नाही, आणि लेखक म्हणून नाव मागण्याचा हक्क कलम 57 खाली वेगळा आहे. कॉपीराइट विकला तरी हा नावाचा हक्क लेखकाकडेच राहतो.

तेव्हा आधी ठरवा: तुम्हाला नाव हवंय की व्हिडिओ जायला हवाय? नाव पुरेसं असेल तर चॅनेलच्या माहितीत दिलेल्या ईमेलवर चार ओळी पाठवा: 'ही कथा माझी आहे, अमुक अंकात अमुक साली प्रथम प्रसिद्ध झाली, लिंक सोबत आहे. शीर्षकात आणि वर्णनात माझं नाव व मूळ शीर्षक सात दिवसांत घालावं, अन्यथा कॉपीराइट तक्रार करेन.' शिव्या नकोत, 'तुरुंगात टाकीन' नको. कॉपीराइट कायद्याच्या कलम 63 मध्ये 6 महिने ते 3 वर्षं शिक्षा आहे आणि 2022 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने हा गुन्हा दखलपात्र असल्याचंही सांगितलंय, पण एका कथेसाठी पोलीस ठाण्यात किती चकरा माराव्या लागतील याचा अंदाज तुम्हालाही असेल.

माझं मत विचाराल तर ज्याने ब्लॉक केलं त्याला पत्र कशाला लिहायचं? सरळ यूट्यूबचा कॉपीराइट फॉर्म भरा. त्यात लगेच काढा किंवा सात दिवसांची मुदत द्या, असे दोन पर्याय असतात. मुदतीत त्याने स्वतःहून काढलं तर स्ट्राइक (यूट्यूबकडून चॅनेलवर लागणारा ठपका) बसत नाही. 90 दिवसांत तीन स्ट्राइक झाले तर चॅनेल बंद होऊ शकतं, त्यामुळे या फॉर्मला ही मंडळी वकिलाच्या नोटिशीपेक्षा जास्त घाबरतात. एक लक्षात ठेवा, तुम्ही टोपणनावाने लिहिता. फॉर्मवर खरं पूर्ण नाव द्यावं लागतं आणि तक्रारीचा तपशील समोरच्याला कळू शकतो. घरचा ईमेल न देता वेगळा उघडा.

व्हॉट्सअ‍ॅपच्या मागे लागू नका. तिथे धरायला कुणी सापडत नाही. यापुढे नाव कथेच्या शेवटी न ठेवता शीर्षकाखाली आणि मध्ये एखाद्या विभागाच्या सुरुवातीला घाला, कारण ढकलताना शेवटची ओळ आधी कापली जाते. राइट-क्लिक बंद करायचं म्हणताय, तर त्याने चोर अडत नाही. तो फोनने फोटो काढतो आणि गूगल लेन्सने त्यातला मजकूर उचलतो. तुमच्या वयस्कर वाचकांना मात्र एखादी ओळ मैत्रिणीला पाठवता येत नाही.

वर दुसऱ्या एका सदस्याने विचारलंय की 'माझी कल्पना उचलली तर?' कल्पनेला संरक्षण नाही. नाटककार आर. जी. आनंद यांच्या 1978 च्या खटल्यापासून सर्वोच्च न्यायालयाचं हेच म्हणणं आहे. ती मांडली कशी, त्याला संरक्षण. सासू-सुनेची कथा कुणीही लिहावी, तुमचे परिच्छेद उचलू नयेत.

ताई, तक्रारीनंतर चॅनेलवाल्याने प्रतिदावा केला तर यूट्यूब तुम्हाला कळवेल. तिथून कामकाजाचे 10 दिवस मिळतात, त्यात कोर्टात गेल्याचा पुरावा दिला नाही तर व्हिडिओ परत येऊ शकतो. ती मेल आली की त्याच दिवशी कॉपीराइटची कामं करणारा वकील गाठा, वरचा फोल्डर पेनड्राइव्हवर घेऊन. दावा तुम्ही राहता त्या जिल्ह्याच्या न्यायालयातही लावता येतो, चॅनेलवाल्याच्या गावी जावं लागत नाही.