‘जननान्तरसौहृदानि’ : सौहृद म्हणजे प्रेम का?

कालिदासाच्या ‘अभिज्ञानशाकुंतला’तील ‘रम्याणि वीक्ष्य’ या श्लोकाच्या अखेरीस आलेल्या ‘जननान्तरसौहृदानि’ या शब्दाचा अर्थ ‘गतजन्मीचे प्रेम’ असा करावा, की सौहृद म्हणजे केवळ मैत्री समजावी, असा प्रश्न आहे.

व्युत्पत्ती मैत्रीच्या बाजूने आहे. सुहृद् म्हणजे चांगल्या हृदयाचा, अर्थात मित्र, आणि त्याचा भाव ते सौहृद. (त्याचे भावंड ‘सौहार्द’ मराठीत टिकले, पण ते समाजासमाजांतील सलोख्यापुरते, प्रेमिकांमधील सौहार्दाविषयी कोणी बोलत नाही.) तथापि व्युत्पत्तीवर थांबल्यास नाटककाराची निवड निसटते. पहिल्या अंकात शकुंतलेला पाहून दुष्यंत आपले मन ‘अभिलाषी’ झाल्याचे सांगतो. तिसऱ्या अंकातल्या प्रेमपत्रात शकुंतला आपल्याला रात्रंदिवस जाळणाऱ्या ‘कामा’चे नाव घेते आणि राजा उत्तरात ‘मदना’चे घेतो. हे सारे शब्द समोरच्या व्यक्तीच्या ओढीचे आहेत.

पाचव्या अंकात मात्र ती व्यक्तीच राजाच्या स्मृतीतून गेली आहे. दुर्वासांच्या शापामुळे तो शकुंतलेला विसरला आहे, आणि आपली राणी हंसपदिका हिचे गाणे ऐकून, कोणा प्रियजनाचा विरह नसतानाही आपण इतके व्याकूळ का झालो, हे त्याला कळत नाही. तेव्हाच तो ‘रम्याणि वीक्ष्य’ हा श्लोक म्हणतो. जिच्याविषयी वाटावे ती आठवतच नसताना ‘काम’ किंवा ‘अभिलाष’ म्हणणे शक्यच नव्हते. उरतो तो नकळत मनात रुतून राहिलेला भाव, आणि त्यासाठी ‘सौहृद’ हाच शब्द बसतो.

हाच शब्द त्याच अंकात पुन्हा येतो, आणि माझ्या मते प्रश्नाचे खरे उत्तर तिथे आहे. राजाने शकुंतलेला नाकारल्यावर, तिला घेऊन आलेला कण्वाचा शिष्य शार्ङ्गरव म्हणतो, ‘अज्ञातहृदयेष्वेवं वैरीभवति सौहृदम्’, म्हणजे ज्यांचे हृदय ठाऊक नाही त्यांच्याशी जोडलेले सौहृद असे वैर होऊन बसते. सौहृदातले हृदय त्याने ‘अज्ञातहृदय’ या शब्दासमोर आणून ठेवले आहे. राजाने हळवेपणाने उच्चारलेला शब्द थोड्याच वेळात त्याच्यावर उलटतो.

म्हणून मराठी प्रतिशब्द दोन्ही ठिकाणी लावून पाहावा. ‘प्रेम’ दोन्हीकडे चालते, पण मग आधीच्या अंकांतील अभिलाषापासून ते वेगळे राहत नाही. ‘ऋणानुबंध’ श्लोकात सुरेख बसतो, परंतु ऋणानुबंधाचे वैर झाले म्हटल्यास शार्ङ्गरवाच्या वाक्याची धार जाते. ‘स्नेह’ जवळचा आहे, पण चौथ्या अंकात शकुंतलेला निरोप देताना कण्वाने तो पित्याच्या मायेसाठी वापरला आहे. मी ‘जिव्हाळा’ निवडेन: त्यात हृदय नसले तरी नखाखालच्या नाजूक मांसालाही आपण जिव्हाळाच म्हणतो, आणि जिव्हाळ्याचे वैर झाले, हे मराठीत सहज म्हणता येते.