लेडीज क्लब जॉईन करू का, की नुसते फोटोच असतात?

तुझा प्रश्न असा आहे की लग्न होऊन तालुक्याच्या गावी आलीयस, शेजारच्या काकू त्यांच्या महिला क्लबमध्ये चल म्हणून मागे लागल्यात, पालखी, गणपती, बालदिन असल्या कार्यक्रमांना त्या बायका गुलाबी साड्या नेसून उभ्या असतात, तर तिथे खरंच काही काम असतं का, आणि तुझी चार वर्षांची मुलगी सोबत आणलेली चालेल का.

अगं, (भाचीच्या वयाची असशील म्हणून अगं म्हणतेय, राग मानू नकोस) फोटो असतातच. आमच्याकडे तर इतके असतात की एका वर्षी झाड एक आणि ते लावताना कुदळीला हात लावलेल्या बायका अकरा, असा फोटो पेपरात आलेला. त्यामुळे त्या बाबतीत तुझा संशय बरोबर आहे. पण फोटो काढून झाल्यावर कोण थांबतं त्यावर क्लब कळतो. मी फलटणची, चौदा वर्षं आमच्या क्लबात आहे, त्यात दोन वर्षं सेक्रेटरी होते, म्हणजे सगळी हमाली केलेली आहे.

आमचा क्लब कुठल्या मोठ्या संस्थेचा नाही, गावातलाच आहे, शिक्षिका, दुकानवाल्या, एक एलआयसी एजंट, दोन डॉक्टरीणबाई आणि बाकी आमच्यासारख्या घर सांभाळणाऱ्या. तुझ्या काकूंचा कदाचित इनरव्हील असेल, तो म्हणजे मूळ रोटरीच्या मेंबरांच्या बायकांचा क्लब. १९२३ मध्ये मँचेस्टरला मार्गारेट गोल्डिंग म्हणून एक बाई होत्या, पेशाने नर्स, त्यांनी पहिली बैठक चक्क एका टर्किश बाथमध्ये भरवली आणि १० जानेवारी १९२४ ला क्लब रीतसर सुरू झाला. रोटरीत तेव्हा बायकांना घेतच नव्हते, तो दरवाजा जगभरासाठी उघडला १९८९ ला! म्हणजे पासष्ट वर्षं बायका बाजूच्या खोलीत काम करत होत्या. असो. त्यांची एक पद्धत मात्र आम्ही पण उचललीय, वर्ष जुलै ते जून धरायचं आणि १ जुलैला नवीन अध्यक्ष. कागदावर बरं दिसतं, पण आमच्याकडे माऊलींची पालखी येते कधी जूनच्या शेवटी तर कधी जुलैच्या पहिल्या दुसऱ्या आठवड्यात, म्हणजे जुन्या बाईंच्या हातून किल्ल्या सुटलेल्या आणि नवीन बाईंना कपाटात काय आहे ते माहीत नाही, आणि दारात लाखभर माणूस. दर वर्षी हेच. दर वर्षी मीटिंगमध्ये ठरतं की हँडओव्हर मे मध्ये करायचा आणि मे मध्ये सगळ्या माहेरी नाहीतर महाबळेश्वरला.

पालखीचं जरा सविस्तर सांगते कारण खरं काम तिथे शिकले. लोणंदहून निघाली की चांदोबाच्या लिंबाला उभं रिंगण होतं, मग तरडगाव, आणि तिथून फलटण, मुक्काम विमानतळावर (विमान मी तिथे क्वचितच बघितलं, तंबू मात्र मैलभर), दुसऱ्या दिवशी बरडकडे. पहिल्या वर्षी आम्ही काय केलं तर सगळ्यांसारखंच, बिस्किटं, राजगिऱ्याचे लाडू आणि केळी. नाक्यावर आमच्या आधी सहा मंडळं तेच वाटत होती. वारकरी बिचारे नको म्हणत नाहीत, घेतात, पिशवीत टाकतात, पिशव्या फुगलेल्या, आणि रस्त्यावर केळ्याच्या सालींचा असा काही सडा पडला की मागून येणाऱ्या दिंडीतली एक म्हातारी घसरता घसरता वाचली. मला अजून ते आठवून अंगावर काटा येतो, आम्ही सेवा करायला गेलो आणि बाईचा खुबा मोडला असता.

त्या संध्याकाळी तळावर एका आजीला मी लाडू द्यायला गेले तर ती म्हणाली, लेकी खायला लई झालं, सुई-दोरा हाय का. पिशवीचा बंद तुटला होता, तीन दिवस ती पिशवी छातीशी धरून चालत होती. सुई-दोरा! आमच्या अठरा जणींपैकी एकीकडेही नव्हता. मग एकीने घरून आणला आणि तासाभरात आमच्याभोवती ही गर्दी, कुणाचा ब्लाउज उसवलेला, कुणाच्या पताकेची शिवण गेलेली, एका काकांच्या धोतराला सेफ्टी पिन हवी होती. तेव्हापासून आमच्या टेबलावर खायला काहीच नसतं. सुई-दोरा, पिना, नेलकटर, खोबरेल तेल, पायाच्या फोडांना लावायला पट्ट्या, सॅनिटरी पॅड (हे टेबलाखाली ठेवायचो, आता वर ठेवतो, कुणी काही म्हणत नाही), आणि मोबाईल चार्जिंगचे सहा बोर्ड. चार्जिंगला कूपन द्यायचं नाहीतर संध्याकाळी चाळीस सारखे दिसणारे साधे फोन आणि कुणाचा कुठला कळत नाही, हे पण आम्ही अनुभवातूनच शिकलो, कसं ते विचारू नकोस. आणि जलसंजीवनी, म्हणजे ओआरएस. पाकिटं संपली तर एक लिटर उकळून गार केलेलं पाणी, सहा सपाट छोटे चमचे साखर, अर्धा चमचा मीठ. यात अंदाज नाही करायचा, आमच्या एका उत्साही सदस्याने चवीपुरतं म्हणून मूठभर मीठ घातलेलं.

आणि मग दुसऱ्या दिवशी सकाळी पालखी बरडकडे गेली की मागे जो तळ राहतो ना, पत्रावळ्या, द्रोण, ग्लास. त्याला नगरपालिकेची माणसं असतात पण ती पुरत नाहीत. अठरातल्या त्या सकाळी आम्ही पाच जणी होतो. त्या पाच जणींचा फोटो नाहीये, आणि आज क्लब त्यातल्याच चौघींवर चालतो. म्हणून तुला सांगते, काकूंबरोबर एका कार्यक्रमाला नुसती बघायला जा आणि संपल्यावर अर्धा तास रेंगाळ, खुर्च्या कोण उचलतंय बघ. बाकी मेंबरशिप फॉर्मवर काय छापलंय त्याला काही अर्थ नाही.

आता मुलांचे कार्यक्रम. हे दिसायला सोपे आणि करायला सगळ्यात अवघड, कारण मोठी माणसं चूक पोटात घालतात, मुलं नाही घालत. चित्रकला स्पर्धेत एकदा सर्टिफिकेटवर नाव चुकलं, स्वराली ऐवजी सराली, ती दुसरीतली पोरगी स्टेजवरच रडायला लागली आणि मी नाही ही असं म्हणून बक्षीस घेईना. प्रमुख पाहुणे नारळ धरून उभे. तेव्हापासून नावं मुलांनाच लिहायला लावतो, स्वतःच्या अक्षरात, वाकडीतिकडी, आणि खरं सांगू ते सर्टिफिकेट जास्त छान दिसतं. भाषणं आधी नाही ठेवायची, मुलांना एकतर भूक लागते नाहीतर शूला. आणि जिथे कार्यक्रम तिथलं बाथरूम उघडं आहे का आणि पाणी येतंय का ते आदल्या दिवशी स्वतः जाऊन बघायचं, शिपायाच्या हो वर विसंबायचं नाही.

संक्रांतीला आम्ही अंगणवाडीतल्या मुलांचं सार्वजनिक बोरन्हाण करतो, ते माझं सगळ्यात लाडकं. हलव्याचे दागिने, काळी झबली, चुरमुरे, उसाचे करवे, हरभऱ्याचे घाटे, बोरं. पण आमच्या डॉक्टरीणबाईंनी एका वर्षी मीटिंगमध्ये विचारलं की दोन वर्षांच्या मुलाच्या घशात बोराची बी अडकली तर काय करणार आहात, आणि सगळ्या गप्प. आता डोक्यावरून चुरमुरे आणि मऊ गोळ्या बिस्किटं, बोरं आणि रेवड्या आयांच्या ओटीत. एक दोन जुन्या सदस्यांनी बोरांशिवाय कसलं बोरन्हाण म्हणून कुरकुर केली, ते पण खरंच आहे, पण मी डॉक्टरीणबाईंच्या बाजूने. हळदीकुंकवात विधवांना बोलवायचं की नाही यावर आमच्याकडे तीन वर्षं भांडण चाललं, शेवटी बोलावलं, आणि ज्या दोघी रागावून गेल्या त्यातली एक परत आली. तो वेगळा विषय आहे, त्यावर वेगळा प्रश्न विचार कुणीतरी.

पोलिओचे रविवार पण आमच्याकडे असायचे, अजूनही बोलावतात. बूथवर बसून दोन थेंब पाजायचं काम नर्स आशाताईंचं, आमचं काम रडणारी पोरं धरायचं आणि डाव्या करंगळीला मार्कर लावायचं. पण खरी पायपीट पुढच्या दिवसांत, उसाच्या फडावर. बीडकडून आलेल्या टोळ्या, खोपी, आईबाप पहाटे कोयता घेऊन गेलेले, मागे सहा वर्षांची बहीण आणि तिच्या कडेवर भाऊ. यादीत ही मुलं कुठेच नसायची. भारतातली शेवटची पोलिओची केस १३ जानेवारी २०११ ची, हावड्याची, आणि २७ मार्च २०१४ ला आपल्याला पोलिओमुक्त म्हणून सर्टिफिकेट मिळालं. ते टीव्हीवर बघितलं तेव्हा मला ती खोपीतली काळी करंगळी आठवली, उगाच डोळ्यात पाणी वगैरे. त्या बातमीत आमचं नाव कुठे नव्हतं आणि असायचं कारणही नव्हतं, करंगळ्या रंगवल्या एवढंच.

एक गोष्ट मात्र गंभीरपणे सांगते, फोटोचीच. एका बालदिनाला आम्ही एका बालगृहात खाऊ घेऊन गेलो, आणि संध्याकाळी आमच्यातल्या एकीने मुलांच्या चेहऱ्यासकट चौदा फोटो फेसबुकवर टाकले, खाली हार्ट. रात्री नऊला तिथल्या अधीक्षकबाईंचा फोन, इतक्या चिडलेल्या की मला आधी कळेचना काय झालं. बाल न्याय कायदा आहे २०१५ चा, त्याच्या कलम ७४ प्रमाणे अशा मुलांची ओळख पटेल असं काहीही छापता येत नाही, शिक्षा आहे त्याला. आणि कायदा सोड, त्यातल्या एका मुलीला तिच्या बापापासून लपवून ठेवलेलं होतं गं. मुलीचा फोटो, मागे भिंतीवर संस्थेची पाटी. मी त्या रात्री झोपले नाही. फोटो लगेच डिलीट केले, पण किती जणांनी बघितले कुणास ठाऊक. तुमच्या क्लबात हा नियम आहे का ते पहिल्याच मीटिंगला विचार, नवीन आहेस म्हणून गप्प बसू नकोस. नवीन सुनेसारखं वागायची गरज नाही तिथे.

पैशांचं पण विचार. आमची वर्गणी वर्षाला पंधराशे, गुलाबी साडीचे वेगळे (ती साडी नेसून चूल पेटवता येत नाही, सिंथेटिक आहे, पण सांगणार कुणाला). महाराष्ट्रात १८६० च्या कायद्याने सोसायटी रजिस्टर केली की १९५० च्या विश्वस्त कायद्याखाली धर्मादाय आयुक्तांकडे पण नोंद असते आणि दर वर्षी हिशोब द्यावे लागतात, तर नोंदणी नंबर आणि मागच्या वर्षीचा हिशोब दाखवा म्हटलं की कुणी रागवायचं कारण नाही. रागावल्या तर तुला उत्तर मिळालंच.

घरचे काय म्हणतील हे तू विचारलं नाहीस पण ते असतंच. माझ्या सासूबाई पहिली दोन वर्षं म्हणायच्या, गावाची धुणी धुवायला चाललीस, घरची कोण धुणार. तिसऱ्या वर्षी पालखीला त्याच टेबलावर येऊन बसल्या आणि दिवसभर सुईत दोरा ओवून दिला. चष्मा न लावता.

मुलीचं म्हणशील तर चार वर्षांची हादग्याला खुशाल आण, खिरापत ओळखायला तिच्यासारखी मुलंच लागतात, मोठ्या बायकांना वासावरूनच कळतं. बोरन्हाणाला पण आण. चित्रकलेला आणलीस तर तिला स्पर्धेत बसवू नकोस, आयोजकांची मुलगी म्हणून बक्षीस मिळालं तरी बोलतात आणि नाही मिळालं तर ती रडते. पालखीला मात्र नको, निदान पहिल्या वर्षी नको. गणपती विसर्जनाला आणायचीच असेल तर तुझा फोन नंबर तिच्या दंडावर बॉलपेनने लिही, गळ्यातल्या कार्डावर नाही, कार्ड तुटतं. आमच्याकडे एका विसर्जनाला तीन मुलं चुकलेली आली, एकाला फक्त पप्पा एवढंच नाव माहीत. माईकवरून मुलाचं नाव आणि कपडे सांगत बसायचं नाही, कुणीही पुढे येऊन माझंच म्हणतं; मुलाला आमच्या दोघींजवळ बसवायचं, पोलिसांना सांगायचं, आणि १०९८ हा मुलांचा हेल्पलाइन नंबर फोनमध्ये आधीच सेव्ह करून ठेवायचा. तिसऱ्याची आई रात्री पावणेबाराला सापडली, तोपर्यंत तो माझ्या मांडीवर झोपलेला आणि माझा पाय असा बधिर झाला होता की ती आली तेव्हा मला उठताच येईना.