‘प्रतिकारशक्ती कमी पडली’ म्हणे!

वरळीहून एका वाचकाने विचारलंय: “‘मलेरिया मेंदूत गेला, प्रतिकारशक्ती कमी पडली’ असं लोक म्हणतात. यात ‘प्रतिकारशक्ती’ बरोबर की ‘प्रतिकारक शक्ती’?”

दोन्ही चालतात. माझं भांडण ‘कमी पडली’शी आहे. पावसाळा लागला की मुंबईत हे वाक्य छत्रीच्या पाण्यासारखं अंगावर येतं. परवा दादरला केमिस्टकडे माझ्या पुढच्या बाई काढ्याची बाटली घेता घेता हेच सांगत होत्या, आणि काउंटरवरचा मुलगा मान डोलवत होता.

मुळात मलेरिया मेंदूत शिरत नाही. फाल्सिपेरम जातीचा परजीवी तांबड्या पेशींच्या आतच असतो. त्या पेशी मेंदूतल्या बारीक रक्तवाहिन्यांच्या अस्तराला चिकटतात, रक्त तुंबतं. मग शरीराचीच फौज धावून येते. टीएनएफ, इंटरफेरॉन-गॅमा असली रसायनं सुटतात, अस्तर बिघडतं, रक्त आणि मेंदू यांच्यातला बांध झिरपायला लागतो, मेंदू सुजतो. प्रयोगातल्या उंदरांमधल्या सीडी८ पेशी (याच फौजेतले मारेकरी शिपाई) आधीच काढून टाकल्या, तर त्यांना हा मेंदूचा आजार होतच नाही. कमी कुठे पडली? ऊतू गेली! (मग दाबून टाकावी? थायलंडमध्ये डेक्सामेथासोन, म्हणजे ही फौज दाबणारं स्टेरॉइड, देऊन पाहिलं. १९८२ साली निष्कर्ष छापून आला: जीव वाचवायला उपयोग नाही, उलट बेशुद्धी लांबली.)

घात केलाय ‘शक्ती’ने. शक्ती म्हटली की जितकी जास्त तितकी बरी. ‘प्रतिकार’ निदान प्रामाणिक आहे, संस्कृतात त्याचा अर्थ उपायही होतो आणि सूडही. पण खरा शब्द चरकाचा: व्याधिक्षमत्व. सगळीच शरीरं व्याधिक्षमत्वाला समर्थ नसतात, असं चरकसंहितेत, सूत्रस्थान या भागाच्या २८व्या अध्यायात आहे. धातू क्षम्, म्हणजे सोसणे. त्यातूनच क्षमता, त्यातूनच क्षमा! अकराव्या शतकात चक्रपाणिदत्ताने चरकावरच्या आपल्या भाष्यात याचा अर्थ ‘व्याधिबलविरोधित्व’, म्हणजे रोगाच्या बळाला विरोध, असा लावला आणि तेव्हापासून सगळे तोच गिरवतायत. विरोध कुठून काढला महाराजांनी? धातूत तर नाही. ‘क्षम म्हणजे समर्थ’ हे मला कोणी ऐकवू नये. जो सोसतो तो समर्थ, अर्थ असाच सरकत गेला. आणि ‘इम्युनिटी’चं लॅटिन मूळ बघा: इम्युनिस, सरकारी देण्यातून सुटलेला. आपल्याकडची सारामाफी. माफी म्हणजे पुन्हा क्षमाच की! योगायोग म्हणायचं तर म्हणा, मी म्हणणार नाही.

आफ्रिकेत मलेरिया जिथे कायमचा मुक्कामाला आहे, तिथे लहानपणापासून वारंवार लागण झालेल्या मोठ्या माणसांच्या रक्तात परजीवी सापडतात आणि माणूस ताप नसताना शेतावर जातो. हे क्षमत्व. मेंदूला झळ बसते ती तिथल्या लहान मुलांना.

हां, तुमचा प्रश्न राहिला. ‘प्रतिकारशक्ती’ जोडून लिहा, ‘प्रतिकारक शक्ती’ तोडून.